एसीपी ॲप्रेंटिसशिपची शेवटची परीक्षा: गेटवेच्या कागदांपासून पॅनेलच्या प्रश्नांपर्यंत

इंग्लंडमध्ये नर्स, फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक किंवा फार्मासिस्ट म्हणून नोकरी करता करता ॲडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिशनरची, म्हणजे एसीपीची, ॲप्रेंटिसशिप करणारा माणूस शेवटच्या टप्प्यावर येतो तेव्हा त्याचा रुग्ण तपासण्याचा हात बहुधा पक्का बसलेला असतो. तरीही एंड-पॉइंट असेसमेंटमध्ये, म्हणजे ॲप्रेंटिसशिपच्या शेवटच्या परीक्षेत, असे लोक अडकतात, कारण वॉर्डात निर्णय बरोबर आला की काम भागतं आणि या परीक्षेत भागत नाही. निर्णय कशाच्या आधारावर घेतला, दुसरा कोणता पर्याय होता, तो का सोडला आणि चुकलं असतं तर कुठे कळलं असतं, हे सगळं कागदावर किंवा बोलण्यात दिसावं लागतं. तयारीचा मोठा भाग नवीन काही वाचण्याचा नाही. जे आपसूक करता ते उघड मांडण्याची सवय लावण्याचा आहे.

परीक्षेची रचना

या ॲप्रेंटिसशिपचा संदर्भ क्रमांक एसटी०५६४. पातळी सात, म्हणजे मास्टर्सची, आणि पदवी तिच्यातच गुंफलेली. एकूण १८० क्रेडिटपैकी १६० आधीच्या मॉड्यूलमधून मिळवायचे आणि उरलेले २० या शेवटच्या परीक्षेचे. परीक्षेचे भाग दोन: एक ओपन बुक परीक्षा आणि दुसरा प्रेझेंटेशन ऑफ प्रॅक्टिस. दुसऱ्या भागात तुम्ही प्रत्यक्ष घडवलेल्या बदलाचा लेखी अहवाल असतो, तो पॅनेलसमोर मांडायचा आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची.

पहिलं काम पुस्तक उघडण्याचं नाही, असेसमेंट प्लॅन, म्हणजे परीक्षेच्या नियमांचा कागद, छापून घेण्याचं. तुम्ही नाव घातलंत त्या दिवशी जी आवृत्ती लागू होती, तीच तुमची. आधीच्या बॅचमधल्या मैत्रिणीचा प्लॅन तुमच्या कामाचा असेलच असं नाही. मिनिटं, शब्दमर्यादा, श्रेणीचे निकष आणि कोणता मुद्दा कोणत्या भागात तपासला जातो, ही चार गोष्टी त्यातून काढून एका पानावर लिहा आणि ते पान अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा. विद्यापीठाच्या हँडबुकमध्ये आणि प्लॅनमध्ये तफावत दिसली तर प्रोग्राम लीडला ईमेलने विचारा. कॉरिडॉरमध्ये मिळालेलं उत्तर पुढे दाखवता येत नाही.

पॅनेलवर तुमच्या प्रशिक्षणात ज्याचा हात नव्हता असा स्वतंत्र परीक्षक असतो. त्याला तुमचं युनिट, तुमचे कन्सल्टंट, तुमच्याकडची लघुरूपं यांतलं काहीच ठाऊक नसतं. "आमच्या एसडेकमध्ये" (त्याच दिवशी तातडीचे उपचार देणाऱ्या विभागात) असं म्हणून पुढे गेलात की त्याच्या मनात पहिला खड्डा पडतो.

गेटवे: सहा महिने आधीपासून

परीक्षेला बसण्याआधी गेटवे ओलांडावा लागतो. तुम्ही, नोकरी देणारी संस्था आणि विद्यापीठ अशा तिघांनी "हा उमेदवार तयार आहे" असं म्हणायचं असतं. इथे अडणाऱ्या गोष्टी वैद्यकीय नसतात, म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

सर्वात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे मॉड्यूलचे निकाल. गुण हातात आले म्हणजे क्रेडिट मिळाले असं नाही. एक्झाम बोर्डाने ते मंजूर करावे लागतात आणि बोर्ड ठरलेल्या तारखांनाच भरतं. एखादं मॉड्यूल पुन्हा द्यावं लागलं आणि त्याचा निकाल बोर्डाच्या बैठकीनंतर आला, तर गेटवे पुढच्या बैठकीपर्यंत लांबतो. वर्षाच्या बोर्डाच्या तारखा आजच मागून घ्या.

दुसरी अडचण इंग्रजी आणि गणिताच्या प्रमाणपत्रांची. फेब्रुवारी २०२५ पासून, सुरुवात करताना १९ किंवा जास्त वय असलेल्यांना लेव्हल २ ची (साधारण शालान्त पातळीची) अट सक्तीची राहिलेली नाही, पण नोकरी देणारी संस्था ती ठेवू शकते. भारतातून शिकून आलेल्यांनी दहावी-बारावीचं प्रमाणपत्र कपाटातून काढून ठेवावं. ते इथल्या पातळीशी जुळतं की नाही हे परदेशी पात्रतांची तुलना करणाऱ्या यूके एनिकच्या तुलनापत्रावरून ठरतं आणि ते मागवायला वेळ लागतो.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या नावांची. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर पतीचं, एनएमसी किंवा एचसीपीसीच्या (नर्स आणि इतर आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या) नोंदणीत मधलं नावच नाही आणि पगारपत्रकात आडनाव आधी. प्रमाणपत्र ज्या नावाने हवं ते नाव विद्यापीठाच्या नोंदीत आत्ताच सरळ करून घ्या.

ऑफ-द-जॉब तासांची, म्हणजे नेहमीच्या कामाबाहेर शिकण्यात घालवलेल्या तासांची, नोंद आठवड्याला भरली नसेल तर शेवटी रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक), ईमेल आणि कॅलेंडर समोर ठेवून दोन वर्षं उकरावी लागतात. नोंदीत नुसतं "अभ्यास" लिहू नका. "छातीच्या एक्स-रेचं वाचन, रेडिओलॉजी सत्र, २ तास, अमुक मुद्दा" असं लिहा.

पैशाचा एक मुद्दा मध्येच सांगायला हवा. १ जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ ॲप्रेंटिसशिपचा सरकारी निधी नव्याने सुरू करणाऱ्यांपैकी मुख्यतः २१ वर्षांपर्यंतच्यांपुरताच राहिला आहे. आधी सुरू केलेल्यांना तो बदल लागू नाही. त्यामुळे "आत्ता सोडते, दोन वर्षांनी नव्याने सुरू करेन" हा विचार अनुभवी माणसाला महागात पडेल. थकवा आला असेल तर सोडण्याआधी रीतसर खंड घेण्याची सोय विचारा.

केएसबीचा तक्ता

ज्ञान, कौशल्यं आणि वर्तन यांच्या मुद्द्यांना सगळे केएसबी म्हणतात. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक केएसबीला एक ओळ द्या. रकाने पाच पुरतात: मुद्द्याचा क्रमांक, परीक्षेच्या कोणत्या भागात तपासला जातो, माझा पुरावा आणि त्याची तारीख, एका वाक्यात मी काय म्हणेन, आणि शेवटी रंग. हिरवा म्हणजे पुरावा आहे आणि बोलताही येतं. पिवळा म्हणजे पुरावा आहे पण बोलताना अडखळते. लाल म्हणजे दोन्ही नाही.

"एका वाक्यात मी काय म्हणेन" हा रकाना लोक रिकामा ठेवतात, आणि खरा उपयोग त्याचाच आहे. पोर्टफोलिओत चाळीस कागद असून ते वाक्य सुचत नसेल, तर तो मुद्दा पिवळाच धरा.

तक्ता भरला की रंगांचा एक ठरावीक नमुना दिसतो. हेल्थ एज्युकेशन इंग्लंडच्या २०१७ च्या आराखड्यात प्रगत प्रॅक्टिसचे चार खांब आहेत: रुग्णसेवा, नेतृत्व आणि व्यवस्थापन, शिक्षण, संशोधन. पहिला खांब हिरवागार असतो, चौथा लाल. तयारीचा वेळ मात्र पहिल्यावरच जातो, कारण त्यात बरं वाटतं. आठवड्यातले पहिले दोन तास लाल ओळींना द्या.

ओपन बुक परीक्षा

पुस्तक उघडं ठेवायची मुभा आहे म्हणून तयारी कमी लागते, हा समज सर्वात घातक. पानं उलटण्यात वेळ जातो, सापडलेला मजकूर उतरवला जातो आणि रुग्ण बाजूला राहतो. सोबत न्यायचं साहित्य म्हणजे नोट्सचा गठ्ठा नव्हे. तो निर्देशांक असावा. बारा ते पंधरा पानं, प्रत्येक विषयाला एक, कडेला चिकटपट्टी. प्रत्येक पानावर धोक्याची लक्षणं, वापरायचा स्कोअर आणि त्याच्या मर्यादा, राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचं नाव आणि वर्ष, आणि "हे कधी लागू होत नाही" ही एक ओळ. ही शेवटची ओळ बाजारात मिळणाऱ्या तयार नोट्समध्ये बहुधा नसते आणि गुण नेमके तिथेच असतात. साहित्य छापील चालतं की नाही, किती चालतं, हे प्लॅनमधून आधी पाहून घ्या.

एक नमुना घेऊ. वय ७८, दोन दिवस खोकला आणि ताप, आजपासून नव्याने गोंधळलेली बाई. श्वास मिनिटाला २४, हवेवर ऑक्सिजन ९३ टक्के, रक्तदाब १०४/६२, नाडी १०८, तापमान ३८.४, युरिया ८.२.

कच्चं उत्तर असं असतं (न्यूज-२ म्हणजे प्रकृती किती बिघडली ते मोजणारा स्कोअर, कर्ब-६५ म्हणजे न्यूमोनियाची तीव्रता मोजणारा): "न्यूज-२ जास्त आहे, कर्ब-६५ तीन आहे, म्हणून ॲडमिट करून ॲंटिबायोटिक देईन आणि सीनियरना कळवेन." यात चूक काहीच नाही, पण हे उत्तर वॉर्डातली चांगली नर्सही देईल.

पक्कं उत्तर आधी आकडे उघडून दाखवतं. न्यूज-२ मध्ये श्वासाचे २, ऑक्सिजनचे २, रक्तदाबाचा १, नाडीचा १, नव्या गोंधळाचे ३, तापाचा १, एकूण १०. सात किंवा जास्त म्हणजे तातडीचा प्रतिसाद. संसर्गाचा संशय आहे, म्हणून सेप्सिसचा (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याचा) धोका उच्च धरायचा आणि ॲंटिबायोटिक एका तासाच्या आत द्यायचं. कर्ब-६५ मध्ये गोंधळ, सातच्या वरचा युरिया आणि वय असे तीन गुण, म्हणजे तीव्र गट. मग त्या आकड्यांवर प्रश्न उपस्थित करतं: जुना युरिया किती होता? मूत्रपिंडाचा जुनाट आजार असेल तर तो एक गुण न्यूमोनियाचा नसेलही. ऑक्सिजनसाठी दुसरी मोजपट्टी वापरायची का? नाही, कारण कार्बन डायऑक्साइड साठून श्वसन निकामी होण्याचा इतिहास पक्का असेल तेव्हाच ती वापरायची. नुसतं सीओपीडीचं (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं) लेबल पुरत नाही.

पुढे पर्यायी निदान येतं. पल्मनरी एम्बोलिझम (फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ) किंवा हार्ट फेल्युअर का नाही, गोंधळाला औषधं, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणं, साखर यांतलं काही कारण आहे का, आणि हे कसं तपासणार. औषध लिहिताना पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद खरी आहे का हे विचारणं, मूत्रपिंडाच्या कार्यानुसार मात्रा, आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे ॲंटिबायोटिक देणार असाल तर रुग्ण कोलेस्टेरॉलचं सिमवास्टॅटिन घेतो का हे पाहणं, कारण ही दोन औषधं एकत्र देता येत नाहीत. क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर, ते लांबलं की हृदयाची लय बिघडू शकते) लांबवणारी इतर औषधंही बघायची. छातीचा एक्स-रे तुम्ही मागवत असाल तर २०१७ च्या आयआर-एमई-आर (वैद्यकीय किरणोत्सर्गाच्या) नियमांखाली तुम्ही रेफरर, म्हणजे तपासणीची मागणी करणारे, आहात आणि कारण लिहिण्याची जबाबदारी तुमची. गोंधळ आहे म्हणून संमतीचा प्रश्न येतो. मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ प्रमाणे स्वतः निर्णय घेण्याची क्षमता त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती तपासायची. गोंधळलेली आहे म्हणून क्षमता नाही असं गृहीत धरायचं नाही. शेवटी तुमच्या कामाची हद्द: कोणत्या क्षणी आणि कोणत्या आकड्यावर क्रिटिकल केअरला फोन कराल, आणि उपचारांची मर्यादा आधी ठरलेली आहे का हे कुठे पाहाल.

हे सगळं एका उत्तरात मावत नाही. प्रश्नातलं क्रियापद काय म्हणतं ते बघून यातलं निवडा. "समर्थन करा" म्हटलं असेल तर पर्याय आणि पुरावा जास्त, "चिकित्सक विश्लेषण" म्हटलं असेल तर स्कोअरच्या आणि मार्गदर्शक तत्त्वांच्या मर्यादा जास्त. प्रश्न वाचताना क्रियापदाभोवती गोल काढण्याची सवय लावा. सराव-परीक्षेत गुण जाण्याचं सर्वात साधं कारण हेच असतं: विचारलेलं एक, लिहिलेलं दुसरं, आणि लिहिलेलं अगदी बरोबर.

वेळेचा हिशेब आधीच ठरवा. समजा साठ मिनिटं आणि सारख्या गुणांचे तीन प्रश्न असतील, तर वाचन आणि आराखडा ६, प्रत्येक प्रश्नाला १६, शेवटी तपासणी ६. सोळा मिनिटं संपली की वाक्य अर्धं सोडून पुढे जा. पहिल्या प्रश्नावर २५ मिनिटं घालवून मिळणारे जास्तीचे दोन गुण तिसऱ्या प्रश्नावरचे दहा खातात. घरी किमान सहा वेळा घड्याळ लावून, परीक्षेत चालणारं साहित्यच जवळ ठेवून लिहा. हवा तो मजकूर दोन मिनिटांत सापडत नसेल तर ते पान निर्देशांकातून काढून टाका किंवा नीट लिहा.

बदलाचा अहवाल

इथे विषय निवडतानाच अर्धा निकाल लागतो. मोठा विषय घेऊ नका. "इमर्जन्सी विभागातलं पडणाऱ्या वृद्धांचं व्यवस्थापन सुधारणं" हा अहवाल नव्हे, कारकीर्द आहे. त्यातून एकच क्रिया उचला: ६५ वर्षांवरच्या, पडून आलेल्या रुग्णाचा झोपून आणि उभं राहून रक्तदाब मोजला जातो का. पाच मिनिटं झोपवून एकदा, उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाच्या आत एकदा आणि तिसऱ्या मिनिटाला एकदा. वरचा दाब २० किंवा जास्त, अथवा खालचा १० किंवा जास्त उतरला तर नोंद आणि पुढची कृती. ही क्रिया मोजता येते, एका माणसाला बदलता येते आणि तिच्या मागे पुरावा आहे.

सुरुवात करण्याआधी काम संशोधन आहे, ऑडिट आहे की सेवा सुधारणा, हे हेल्थ रिसर्च ऑथॉरिटीच्या ऑनलाइन साधनावर तपासून उत्तर जपून ठेवा, आणि ट्रस्टच्या (तुमचं रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेच्या) ऑडिट किंवा क्वालिटी विभागात नोंद करून क्रमांक घ्या. हा क्रमांक नंतर मिळवता येत नाही आणि पॅनेल विचारतं.

मोजमापं तीन प्रकारची हवीत. प्रक्रियेचं: किती टक्के रुग्णांत तिन्ही नोंदी झाल्या. परिणामाचं: दाब उतरलेला आढळल्यावर किती जणांच्या औषधांचा फेरविचार झाला. आणि समतोलाचं: यामुळे ट्रायाजला (कोणाला आधी पाहायचं ते ठरवण्याला) उशीर झाला का, कुणी उभं राहताना पडलं का. समतोलाचं माप बहुतेक अहवालांत नसतंच. ते ठेवलंत तर "तुमच्या बदलाने काही बिघडलं का" या प्रश्नाला तुमच्याजवळ आकडा असतो.

"आधी ३० टक्के, नंतर ७० टक्के" असे आलेखाचे दोन खांब काढून थांबू नका. दोन खांबांवरून बदल टिकला की तपासणीच्या आठवड्यापुरता आला हे कळत नाही. दर आठवड्याला दहा रुग्ण, बारा आठवडे, अशी नोंद घेऊन रन चार्ट, म्हणजे काळानुसार आकडे दाखवणारा आलेख, काढा आणि त्यावर मध्यरेषा आखा. मध्यरेषेच्या एकाच बाजूला सलग सहा किंवा जास्त बिंदू, किंवा सलग पाच बिंदू एकाच दिशेने चढत वा उतरत गेलेले, म्हणजे योगायोगापलीकडचं काही घडलं असण्याची खूण. एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) मेकिंग डेटा काउंट पद्धतीचा एसपीसी तक्ता (चढउतार नेहमीचे की वेगळे ते दाखवणारा) वापरत असाल तर एका बाजूचे सलग सात बिंदू धरतात. दोन नियम एकमेकांत मिसळू नका, कोणता वापरला ते तक्त्याखाली लिहा. आणि संख्या लहान असेल तर नुसती टक्केवारी देऊ नका. "३२ पैकी ९" हे "२८ टक्के" पेक्षा प्रामाणिक आहे.

पीडीएसएची (योजना, कृती, तपासणी, सुधारित कृती यांची) आवर्तनं खरी असतील तर निदान एक फसलेलं असतं. ते लपवू नका. पहिल्या आवर्तनात पोस्टर लावलं आणि काहीच बदललं नाही, दुसऱ्यात ट्रायाजच्या फॉर्मवर तीन रकाने छापले आणि आकडा हलला. यातून तुमची विचारपद्धत दिसते. फसलेलं काहीच नसलेला अहवाल परीक्षकाला संशयित वाटतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

सिद्धांत एकच घ्या आणि तो खरोखर वापरा. बदल घडवण्याच्या कॉटरच्या १९९६ च्या आठ पायऱ्या घेतल्यात तर कोणती पायरी तुमच्याकडे लागू पडली नाही ते सांगता आलं पाहिजे. लुइनचं बलक्षेत्र (बदलाला ढकलणाऱ्या आणि अडवणाऱ्या बलांचा आराखडा) घेतलंत तर विरोध करणारी बलं कोण होती, त्यांची हरकत रास्त होती का, त्यावर तुम्ही काय केलं. काम झाल्यावर त्याला सिद्धांताचं लेबल चिकटवलेलं लगेच ओळखू येतं: आठही पायऱ्या सुबक आणि प्रत्येकीला दोन-दोन ओळी. सहकाऱ्यांना शिकवलं असेल तर "फीडबॅक फॉर्म छान आले" यावर थांबू नका. प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्याच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्यांत ती सर्वात खालची. आचरण बदललं का हे तुमच्या प्रक्रियेच्या आकड्यातच आहे, तिकडे बोट दाखवा.

संशोधनाच्या खांबासाठी वीस शोधनिबंध उद्धृत करण्यापेक्षा तीन नीट उघडून वाचा. कोणते रुग्ण, किती, कोण वगळलं, परिणाम कसा मोजला, आणि तुमच्या रुग्णांना लागू होतो का. शोधनिबंध पारखण्याच्या कॅस्पच्या प्रश्नावल्या त्यासाठी पुरेशा आहेत. सापेक्ष आणि निरपेक्ष घट यांत गोंधळ करू नका: धोका ४ टक्क्यांवरून ३ वर आला तर सापेक्ष घट २५ टक्के, निरपेक्ष घट १ टक्का आणि एक घटना टाळायला १०० जणांवर उपचार. पॅनेलसमोर "२५ टक्के कमी झालं" म्हणालात की पुढचा प्रश्न ठरलेला.

शब्दांची वाटणी लिहिण्याआधी करा. समजा मर्यादा २,००० ची असेल, तर समस्या आणि स्थानिक आकडे २५०, पुराव्याची चिकित्सा ४५०, बदल कसा घडवला ४००, निकाल ३५०, नेतृत्व, विरोध आणि फसलेल्या गोष्टींचं विश्लेषण ४००, टिकवणं आणि पुढे नेणं १५०. वाटणी न करता लिहिलं की पार्श्वभूमीच ८०० शब्द खाते आणि विश्लेषणाला शंभर उरतात.

आता आपल्या भाषेच्या सवयीचा एक मुद्दा. मराठी माणूस स्वतःच्या कामाबद्दल बोलताना "आम्ही केलं" म्हणतो. नम्रता म्हणून ठीक, पण इंग्रजीतही ते तसंच उतरतं आणि परीक्षकाला तुमचा वाटा कळत नाही. मसुद्यात प्रत्येक "आम्ही" शोधून त्याच्या जागी करणाऱ्याचं पद लिहा: मी आकडे गोळा केले, वॉर्ड मॅनेजरने फॉर्म मंजूर केला, फार्मासिस्टने औषधं तपासली. उलट टोकही टाळा. टीमने केलेलं सगळं स्वतःच्या नावावर घेतलं तर नेतृत्वाचा मुद्दाच गळून पडतो.

गोपनीयतेत लोक नाव आणि नंबर झाकतात आणि बाकीचं विसरतात. वय, दुर्मिळ आजार आणि छोटं युनिट एकत्र आलं की रुग्ण ओळखू येतो. रेकॉर्ड सिस्टिमचा स्क्रीनशॉट वापरू नका. कोपऱ्यात तारीख, वॉर्ड किंवा बेड क्रमांक राहून जातो. ट्रस्टचं नावही फाइलच्या नावातून, स्लाइडच्या पट्टीतून आणि परिशिष्टातल्या फॉर्मवरून काढा.

पॅनेलसमोर

वीस मिनिटांच्या मांडणीला आठ ते दहा स्लाइड पुरतात. मिनिटाला १२० शब्दांच्या वेगाने वीस मिनिटांत २,४०० शब्द होतात. लिहिताना २,१०० वर थांबा, म्हणजे श्वास घ्यायला आणि तक्ता समजावायला जागा राहते. अहवाल परीक्षकांनी वाचलेला असतो, तो पुन्हा वाचून दाखवू नका. रन चार्टवर सर्वात जास्त वेळ द्या: हा बिंदू खाली का गेला, इथे काय बदललं, हे आमच्यामुळेच झालं असं मी का म्हणते.

प्रश्नांची तयारी कार्डांवर करा. तीस कार्डं, पुढे प्रश्न, मागे फक्त तीन शब्द. अनुभवी सीनियर नर्सपेक्षा तुमचा निर्णय वेगळा कुठे होता? हा बदल नसता केला तर काय झालं असतं? सुधारणा तुमच्या फॉर्ममुळे झाली की त्याच महिन्यात आलेल्या नव्या स्टाफमुळे? ट्रस्टच्या धोरणाशी पुरावा जुळत नसेल तर काय कराल? तुमच्या हद्दीबाहेर काय आहे? तुम्ही दुसऱ्या विभागात गेलात तर हा बदल उरेल का? यांपैकी तिसरा प्रश्न सर्वात जास्त लोकांना गारद करतो, कारण खरं उत्तर "पूर्ण खात्रीने सांगता येत नाही, पण अमुक कारणाने शक्यता कमी वाटते" असं असतं आणि ते बोलायची भीती वाटते. बोला.

"कन्सल्टंटनी सांगितलं म्हणून केलं" हे वाक्य जिभेवर येऊ देऊ नका. सल्ला घेणं कमीपणाचं नाही, पण जबाबदारी कोणाची हे तुमच्या वाक्यातून कळलं पाहिजे: "माझं निदान हे होतं, या दोन कारणांनी खात्री नव्हती, म्हणून मी कन्सल्टंटशी बोलले आणि हा प्रश्न विचारला." प्रश्न नीट कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. उत्तर देण्याआधी तीन सेकंद थांबलं तर काही बिघडत नाही, घाईने भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं तर बिघडतं.

सराव दोनदा घ्या. एक तुमच्या सुपरवायझरसमोर. दुसरा तुमच्या विषयाबाहेरच्या माणसासमोर, म्हणजे तुम्ही कार्डिओलॉजीत असाल तर मानसिक आरोग्य विभागातल्या कुणासमोर. न कळलेली लघुरूपं आणि गृहीत धरलेले दुवे दुसरा माणूसच पकडतो. आवाज रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा ऐकताना नको वाटतं, पण उत्तराचा मुद्दा चाळिसाव्या सेकंदाला येतो हे तिथेच कळतं.

शेवटचे दोन आठवडे

डिस्लेक्सिया, कमी ऐकू येणं किंवा इतर कारणाने जास्तीचा वेळ लागणार असेल, तर ती मागणी गेटवेच्या वेळीच नोंदवा. परीक्षेच्या आठवड्यात काही होत नाही. रोटा बनवणाऱ्याला तारीख दोन महिने आधी लेखी द्या आणि आधीच्या ४८ तासांत नाईट ड्यूटी नको असं स्पष्ट लिहा. परीक्षा ऑनलाइन असेल तर ज्या लॅपटॉपवर देणार त्यावरच चाचणी घ्या. हॉस्पिटलचा लॅपटॉप असेल तर ट्रस्टचा फायरवॉल परीक्षेचा प्लॅटफॉर्म किंवा कॅमेरा अडवतो का, हे आधी बघा. स्लाइड दोन ठिकाणी आणि पीडीएफमध्येही ठेवा.

एखादा भाग गेला तर आधी लेखी फीडबॅक केएसबीनुसार मागा आणि तुमच्या तक्त्यातल्या त्याच ओळींसमोर लिहा. मग रीसिट आहे की रीटेक, हे पाहा. रीसिट म्हणजे नवीन शिक्षणाशिवाय पुन्हा बसणं, रीटेकमध्ये आधी आणखी शिक्षण घ्यावं लागतं, त्यामुळे सुपरवायझरचा वेळ आणि अभ्यासाचे तास पुन्हा ठरवून घ्यावे लागतात. ते बोलणं निकाल लागल्याच्या आठवड्यातच मॅनेजरबरोबर करा, कारण पुढच्या महिन्यांचा रोटा त्याच सुमारास बंद होतो.